‘यक्’ म्हणण्याआधी: ती गोष्ट कुणाची?

वाचकाचं पत्र

नोकरीत माझं सगळं काम इंग्रजीतून चालतं. टीममध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले लोक आहेत. गेल्या आठवड्यात एका सहकारी मुलीने घरी आंबवून केलेल्या पदार्थाचा फोटो ग्रुपवर टाकला. मी गमतीत ‘यक्!’ एवढंच लिहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. डिक्शनरीत ‘किळस दाखवणारा अनौपचारिक उद्गार’ असा अर्थ सापडला, पण तेवढ्याने माझं कुठे चुकलं ते कळलं नाही. हा शब्द नक्की कधी वापरायचा? ‘ईऊ’, ‘ग्रोस’, ‘इक’, ‘अघ’ हेही सतत कानावर पडतात, त्यांत फरक काय? माझा सहा वर्षांचा मुलगा कार्टून बघून ताटातल्या प्रत्येक गोष्टीला ‘यकी’ म्हणतो. त्याला थांबवावं का? आणि आम्ही ऑनलाइन स्क्रॅबल खेळतो, त्यात हे शब्द चालतात का?

— एक वाचक

उत्तर

आधी एक भीती काढून टाका. ‘यक्’ ही शिवी नाही. किळस दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांमध्ये तो सर्वांत सौम्य शब्दांपैकी एक आहे. लहान मुलं तो दिवसभर म्हणतात, आजीआजोबांसमोर म्हणतात, त्यांना कुणी रागवत नाही. तेव्हा तुमची सहकारी शब्दाच्या जोरामुळे दुखावलेली नाही. तो तिच्या हातच्या पदार्थावर पडला, म्हणून दुखावली आहे.

‘मला हे आवडत नाही’ हे मत झालं. समोरचा त्यावर ‘का?’ विचारू शकतो, वाद घालू शकतो, ‘एकदा खाऊन तर बघ’ म्हणू शकतो. ‘यक्’मध्ये मत नसतं. नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, जीभ बाहेर येऊ पाहते, आणि त्या सगळ्याला दिलेला आवाज म्हणजे हा उद्गार. नासलेलं, कुजलेलं, चिकट, दुर्गंधी असं काही तोंडात जाऊ नये म्हणून शरीर जे करतं त्याचं हे भाषेतलं रूप आहे. त्यामुळे कुणी प्रेमाने केलेल्या पदार्थाला ‘यक्’ म्हटलं की अर्थ असा पोचतो: तू जे आवडीने खातेस ते बघून मला मळमळतं. त्यावर ती काय बोलणार? बोलायला जागाच उरत नाही, म्हणून माणूस गप्प होतो.

मराठी माणसाची इथे हमखास गफलत होते, कारण आपल्याकडचं ‘शी!’ फार ऐसपैस आहे. गटार दिसलं तरी शी, पाऊस पडून बेत फिसकटला तरी शी, कुणी अघळपघळ बोललं तरी ‘शी, असं काय बोलतेस!’ त्यात लाडिकपणाही मावतो. ‘यक्’ तेवढा पसरत नाही. त्याचा मुक्काम चव, वास, स्पर्श आणि दिसणं यांच्या आसपास असतो. ‘शी’च्या सवयीने तुम्ही तो गमतीच्या जागी ठेवला आणि तिने तो त्याच्या नेहमीच्या अर्थाने वाचला.

म्हणून ‘यक्’ लिहिण्याआधी स्वतःला एवढं विचारा: ही गोष्ट आत्ता कुणाची आहे?

कुणाचीच नसेल तर खुशाल म्हणा. फ्रिजच्या मागे सापडलेलं बुरशी आलेलं काहीतरी, बुटाला चिकटलेलं च्युइंगगम, तुंबलेलं सिंक, कोमट झालेला सोडा. तुमची स्वतःची असेल तरी चालेल: भिजलेले मोजे, तापातली चिकट त्वचा, सर्दीचं औषध. समोरच्याची असेल पण त्यालाही ती नकोशी असेल, तर ‘यक्’ चक्क सहानुभूतीचा शब्द होतो. सहकाऱ्याने लिहिलं की रात्रभर उलट्या होत होत्या, आणि तुम्ही लिहिलंत, ‘यक्. होप यू फील बेटर सून,’ तर ते अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे. इथे तुम्ही दोघं एका बाजूला आहात आणि आजार दुसऱ्या बाजूला.

समोरच्याला प्रिय असलेली गोष्ट मात्र वर्ज्य. त्याचा डबा, त्याचं शरीर, केस, कपडे, घर, बाळ, पाळीव प्राणी, त्याच्या जेवणाच्या आणि पूजेअर्चेच्या रीती. या यादीत सूट नको, ‘ती चिडणार नाही, आमची मैत्री आहे’ हीसुद्धा नको. मैत्रीत समोरासमोर डोळे मिचकावून म्हटलेलं खपून जातं. लिखाणात डोळेही नसतात आणि आवाजही नसतो. बोलताना इंग्रजी माणूस स्वर ताणून ‘यऽऽक्’ म्हणतो, हसतो, त्यावरून गंमत कळते. ग्रुपवर ते एकटंच पडतं, पुढे उद्गारचिन्ह असेल तर जास्तच ठसठशीत दिसतं. हिरव्या चेहऱ्याचा मळमळीचा इमोजी २०१६ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षर-चिन्हांच्या जागतिक यादीत आला, उलटी करणारा चेहरा त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींना हाच नियम लावा. आपल्याला ते खेळकर वाटतात, पण दुसऱ्याच्या ताटावर ते शब्दाइतकेच बोचतात.

आता तिच्याशी कसं बोलायचं. ग्रुपवर नको, तिला एकटीला लिहा आणि आजउद्याच लिहा. तीन वाक्यं पुरतात. शब्दाचं नाव घ्या, दोष स्वतःकडे घ्या, मग तिच्या पदार्थाबद्दल खरोखर जाणून घ्यायचं असेल ते विचारा: ‘सॉरी अबाउट द यक् द अदर डे. दॅट वॉज रूड ऑफ मी. हाऊ लाँग डू यू लेट इट फर्मेंट?’ बस. ‘सॉरी इफ यू वेअर ऑफेंडेड’ हे वाक्य टाळा. त्यातल्या ‘इफ’ने माफी अर्धवट होते आणि दुखावण्याची जबाबदारी तिच्यावर जाते. आमच्या भाषेत हा शब्द वेगळा आहे, मी गंमत करत होते, हे स्पष्टीकरण पहिल्या निरोपात घालू नका. तिने विचारलं तर जरूर सांगा, पण आधी घातलं की ते बचाव वाटतं. मूळ ‘यक्’ गुपचूप डिलीट करण्यातही अर्थ नाही. बऱ्याच ॲपमध्ये ‘मेसेज डिलीट केला’ अशी खूण मागे राहते आणि तिने तर तो वाचलेलाच आहे. आधी माफी, मग हवं तर डिलीट.

पुढच्या वेळी एखादा पदार्थ खरंच नकोसा वाटला तर? फोटोवर काही लिहिलंच पाहिजे असं नाही, हे सर्वांत सोपं. कुणी थेट विचारलं, तर ‘इट्स नॉट फॉर मी’ किंवा ‘आय ॲम नॉट अ बिग फॅन’ म्हणा. ही दोन्ही वाक्यं ‘मी’पाशी थांबतात, पदार्थावर निकाल देत नाहीत. ‘इट्स ॲन अक्वायर्ड टेस्ट’ हे सभ्य म्हणून शिकवलं जातं, पण करणाऱ्याच्या तोंडावर ते ‘तुझ्याखेरीज कुणाला आवडणार’ असंही वाजू शकतं. मी ते टाळायलाच सांगेन.

आता शब्दाची घडण. उच्चार ‘लक’, ‘डक’शी जुळणारा, आखूड ‘यक्’. ‘यॅक’ म्हटलंत तर तो हिमालयातला केसाळ प्राणी होतो किंवा बडबड करणं होतं, आणि ‘यूक’ म्हटलंत तर कुणालाच कळत नाही. स्पेलिंग वाय, यू, सी, के हे सर्वांत सुरक्षित. सी वगळून लिहिलेलं तीन अक्षरी रूपही किळसेसाठी चालतं, ब्रिटनमध्ये ते बरंच दिसतं. पण अमेरिकेत त्याच तीन अक्षरांचा दुसरा संसार आहे. तिथे ‘यक्स’ म्हणजे हशा, ‘यक् इट अप’ म्हणजे खदाखदा हसणं, ‘यक् यक्’ म्हणजे ओढूनताणून हसल्याचा आवाज. एखाद्या विनोदी कार्यक्रमाच्या परीक्षणात ‘प्लेंटी ऑफ यक्स’ वाचून कार्यक्रम किळसवाणा आहे असं समजू नका. ती स्तुती आहे.

वाक्यात तो मुख्यतः एकटा उभा राहतो: ‘यक्, धिस मिल्क इज ऑफ.’ विशेषण हवं असेल तर ‘यकी’: यकी स्मेल, यकी वेदर, तुलनेत यकियर आणि यकिएस्ट. ‘इट वॉज यक्’ असं थेट विशेषणासारखं ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सर्रास ऐकू येतं. अमेरिकन कानाला ‘यकी’ किंवा ‘ग्रोस’ अधिक सवयीचं आहे.

दोन चुका मात्र खूप होतात. ‘आय फील यकी’ म्हणजे मला किळस आली असं नव्हे. मला बरं वाटत नाही, अंग चिकट-मळकट वाटतंय, असा त्याचा अर्थ. मला किळस आली म्हणायचं असेल तर ‘इट ग्रोसेस मी आउट’ किंवा ‘आय ॲम ग्रोस्ड आउट’. याच जातीची दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘आय ॲम डिस्गस्टिंग’ म्हणजे मीच किळसवाणी आहे. किळस आली आहे हे सांगायला ‘डिस्गस्टेड’. शेवटी आयएनजी असेल तर किळस आणणारा, ईडी असेल तर किळस आलेला.

शेजारच्या शब्दांपैकी ‘ईऊ’ ‘यक्’च्या सर्वांत जवळ आहे. त्यात आधी ‘ई’ आणि मग ओठ गोल करत ‘ऊ’. जितकी किळस तितके डब्ल्यू वाढवत लिहितात. पण धार वेगळी. ‘यक्’ सहसा वस्तूला चिकटतो, ‘ईऊ’ माणसालाही मारला जातो. कुणी जवळ येऊन बसलं आणि दुसरं कोणी सपाट आवाजात ‘ईऊ’ म्हणालं, तर तो सरळ अपमान आहे. किशोरवयीन मुलांच्या छळात तो हत्यारासारखा वापरला जातो. तुम्हाला त्याची गरज नाही.

‘ग्रोस’चा उच्चार ‘डोस’शी जुळतो. पगाराच्या चिठ्ठीवरच्या शब्दाला आपण ‘ग्रॉस’ म्हणतो, पण शब्द एकच आहे आणि इंग्रजीत त्याचा उच्चारही हाच. एकूण उत्पन्न, बारा डझन म्हणजे १४४ नग, कायद्यातला घोर निष्काळजीपणा, असे जुने गंभीर अर्थ असलेल्या या शब्दाला ‘किळसवाणं’ हा अर्थ अमेरिकन तरुणांच्या बोलीतून मिळाला. ‘यक्’पेक्षा तो जरा मोठ्या माणसाचा वाटतो. तुमच्या वयाच्या लोकांना खेळीमेळीच्या बोलण्यात मी ‘यकी’ऐवजी ‘ग्रोस’च सुचवेन, कारण मोठ्या माणसाच्या तोंडी वारंवार ‘यकी’ आलं की ते बाळबोध वाटतं. ‘ही गोष्ट कुणाची’ हा नियम मात्र याला अधिकच कडक लावा.

‘इकी’ हा मला या सगळ्यांत उपयुक्त वाटणारा शब्द. त्याचा पहिला अर्थ चिकट-घाणेरडं. पण एखादी गोष्ट नियमाविरुद्ध नाही तरी मनाला बरी वाटत नाही, अशा जागी तो नेमका बसतो. वरिष्ठाने नको तितक्या सलगीने केलेली टिप्पणी, नातेवाइकालाच दिलेलं कंत्राट: ‘समथिंग अबाउट इट फेल्ट इकी.’ आरोप न करता अस्वस्थता नोंदवता येते. ‘यक्’ला हे नीट जमत नाही. त्याचंच नाम झालेलं ‘द इक’ मात्र प्रेमाच्या बाजारातलं आहे. आवडत्या माणसाची एखादी क्षुल्लक लकब दिसते आणि एका क्षणात त्याच्याबद्दलचं आकर्षण मावळतं, ती भावना. ब्रिटिश टीव्हीवरच्या डेटिंग कार्यक्रमांनी ती गाजवली आणि २०२४ मध्ये केंब्रिज डिक्शनरीने तिची नोंद घेतली. ऑफिसात कुणाबद्दल ‘ही गिव्ह्ज मी द इक’ म्हणू नका. त्यात आधी आकर्षण होतं असा अर्थ निघू शकतो, आणि तो अर्थ नसला तरी वाक्य निर्दयच आहे.

‘अघ’ मुळात कंटाळा, वैताग आणि थकव्याचा आहे. किळस त्यात असू शकते, असायलाच हवी असं नाही. तिसऱ्यांदा पुढे ढकललेल्या मीटिंगला ‘अघ’ म्हणतात, ‘यक्’ नाही. दिसायला जवळचा ‘यायक्स’ तर वेगळ्याच कुळातला: तो धास्तीचा किंवा दुसऱ्याची फजिती पाहून अवघडल्याचा. कुणाचं विमान चुकलं तर ‘यायक्स’.

औपचारिक लिखाणात यांपैकी काहीच नको. हॉटेलच्या खोलीबद्दल तक्रार करताना ‘द बाथरूम वॉज यकी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काही मिळत नाही. जे दिसलं ते लिहा: बेसिनमध्ये केस होते, पडद्याच्या खालच्या कडेला काळी बुरशी होती, सकाळी नऊला सांगूनही संध्याकाळपर्यंत साफ झालं नाही, खोली बदलून हवी आहे. विशेषण लागलंच तर ‘अनहायजीनिक’ किंवा ‘अनप्लेझंट’. ‘डिस्गस्टिंग’ फार तर एकदा. ‘रिव्होल्टिंग’ आणि ‘व्हाइल’ यांनी सुरुवात केली तर पुढे चढायला पायरी राहत नाही.

गंभीर लिखाणात ‘यक्’ एकाच वाटेने आत येतो, ‘यक् फॅक्टर’ म्हणून. तंत्रज्ञान सुरक्षित असूनही केवळ किळसेमुळे लोक ते नाकारतात, त्या अडथळ्याचं हे नाव. जैवतंत्रज्ञानाच्या आणि पाण्याच्या चर्चेत ते नेहमी भेटतं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात दुष्काळात सांडपाणी अतिशुद्ध करून पिण्याच्या साठ्यात मिसळण्याची योजना होती. जुलै २००६ मध्ये जनमत घेतलं तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी ती फेटाळली. त्या निकालावर बोलताना ‘यक् फॅक्टर’ हा शब्द हटकून येतो. ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याने एखाद्या प्रकल्पाबद्दल तो वापरला तर त्यात पोरकटपणा शोधू नका.

आता मुलाबद्दल. शब्दावर बंदी घालू नका. किळस ही मुलाची राखण करणारी भावना आहे आणि तिला शब्द असणं चांगलं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयातल्या विषबाधा केंद्राने विषारी वस्तूंच्या डब्यांवर लावायला एक स्टिकर काढला: भडक हिरवा, आठ्या घातलेला, जीभ बाहेर काढलेला चेहरा. नाव ‘मिस्टर यक्’, ते सी नसलेल्या स्पेलिंगचं. कवटी आणि हाडांचं जुनं चिन्ह मुलांना समुद्री चाच्यांची, म्हणजे साहसाची आठवण करून देई, आणि त्या शहराच्या बेसबॉल संघाचं नावच पायरेट्स आहे. ज्या चेहऱ्याला मुलं स्वतःहून ‘यकी’ म्हणत होती तो चेहरा विषापासून दूर ठेवायला निवडला गेला. तुम्हीही तेच करा. फिनाइल, औषधाच्या गोळ्या, जमिनीवर पडलेलं काही, यांना तुम्ही स्वतः ठासून ‘यकी’ म्हणा, म्हणजे शब्दाला त्याचं खरं काम मिळेल.

ताटासाठी दुसरं वाक्य द्या. इंग्रजी शाळांमध्ये आणि पाळणाघरांमध्ये ‘डोन्ट यक् माय यम’ असं शिकवतात: मला जे चविष्ट लागतं त्याला यक् म्हणू नकोस. अनुप्रास असल्याने सहा वर्षांच्या मुलाला ते लगेच पाठ होतं. पण नुसतं ‘म्हणू नकोस’ सांगून भागत नाही, जागी काहीतरी ठेवावं लागतं. ‘नो, थँक यू’ किंवा ‘आत्ता नको’. तो ‘यकी’ म्हणाला की हसू नका आणि ओरडूही नका, दोन्हींनी त्याला पुन्हा म्हणावंसं वाटेल. शांतपणे विचारा, ‘काय आवडलं नाही? वास, चिकटपणा, की आंबटपणा?’ मूल उत्तर शोधायला लागलं की ते शरीराच्या झटक्याकडून मताकडे येतं, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं हे तुम्हालाही कळतं. एका बाबतीत मात्र कडक राहा: कुणाच्या त्वचेला, जखमेला, चष्म्याला, श्रवणयंत्राला किंवा डब्याला ‘यकी’ म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवायचं. तुम्हीही त्याच्या नाकाला, घामाला किंवा अंथरूण ओलं झाल्यावर त्याला स्वतःला ‘यकी’ म्हणायचं नाही. ओली चादर यकी, मूल नाही.

स्क्रॅबलमध्ये हे शब्द चालतात. ‘यक्’ची दोन्ही स्पेलिंग ग्राह्य आहेत: चार अक्षरी १३ गुणांचं, तीन अक्षरी १० गुणांचं. ‘इक’ला ९. ‘ईऊ’चं ई-डब्ल्यू हे दोन अक्षरी रूप २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अधिकृत स्क्रॅबल कोशात दाखल झालं. त्याला ५ गुण आहेत, पण दोन अक्षरी शब्द दुसऱ्या शब्दाला समांतर लावता येतो, म्हणून पाटीवर डब्ल्यू अडकला असेल तेव्हा तो फार कामाला येतो. तुमचं ॲप जुना कोश वापरत असेल तर ते नाकारेल, तेव्हा खेळ सुरू होण्याआधी सेटिंगमध्ये कोणता कोश निवडलेला आहे ते बघून घ्या.